निष्क्रिय सर्व्हर, कार्यरत संशोधन

कार्यालयाच्या मागच्या खोलीत, एसीच्या गारव्यात सर्व्हर चोवीस तास घरघरत असतो. पगारपत्रके निघतात ते दोन दिवस किंवा निकाल लागतो ती सकाळ, एवढीच त्याची खरी धावपळ. एरवी त्याची बरीच ताकद पडून राहते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याच हजारो सर्व्हरची पाहणी मांडली, तेव्हा ते बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालत असल्याचे दिसले. हाताला काम नसतानाही यंत्र कमाल विजेच्या जवळपास निम्मी वीज खात होते, ते वेगळेच.

ही पडून राहिलेली ताकद वैद्यकशास्त्राला हवी आहे. प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. ती ठरावीक घडीत दुमडली तरच काम करते. अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या आजारांचा संबंध चुकलेल्या घड्यांशी जोडला जातो. आता कृत्रिम बुद्धिमत्ता प्रथिनाचा आकार सांगू शकते आणि त्या कामाला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. मग आणखी गणिते कशाला? कारण तो आकार म्हणजे स्थिर छायाचित्र. प्रत्यक्षात प्रथिन सतत हलते, आणि औषध जिथे बसू शकेल ती खाच कधी कधी क्षणभरच उघडते. ती हालचाल संगणकावर उभी करताना एकेक पाऊल सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही काही दशलक्षांश इतके छोटे ठेवावे लागते. एका यंत्राच्या आवाक्यातले हे काम नव्हे.

म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० मध्ये ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू झाले. गणिताचे तुकडे करायचे, ते जगभरच्या लोकांच्या रिकाम्या संगणकांना वाटायचे आणि उत्तरे गोळा करायची. मार्च २०२०मध्ये करोनाच्या भीतीने इतके लोक सामील झाले, की या जाळ्याचा वेग सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणितांपलीकडे गेला. तोवर कोणत्याही महासंगणकाला ते जमले नव्हते. एवढ्या खटाटोपातून करोना विषाणूच्या प्रथिनांची हालचाल मिळाली ती सगळी मिळून सेकंदाच्या दहाव्या भागाची! पण विषाणूचा काटा पेशीला चिकटण्यासाठी कसा उघडतो, हे त्यात दिसले. स्थिर चित्रात न दिसणाऱ्या खाचाही सापडल्या. इबोलाच्या एका प्रथिनातही याच वाटेने अशी खाच हाती लागली. खाच सापडली म्हणजे औषध मिळाले असे नाही. नेम कुठे धरायचा एवढे कळते.

मात्र उत्साहाच्या भरात कुणी साहेबांना न विचारता हे सॉफ्टवेअर बसवू नये. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक तंत्रज्ञाने विनापरवाना असेच सामायिक गणिताचे सॉफ्टवेअर बसवले. प्रकरण फौजदारी खटल्यापर्यंत गेले आणि २००२ मध्ये दंड व देखरेखीच्या शिक्षेवर मिटले. लेखी परवानगी हवीच, शिवाय पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या यंत्राचे वीजबिल कोण भरणार हेही आधी ठरावे. दहा वर्षांचा जुना सर्व्हर विदर्भातल्या मे महिन्यात दानधर्मासाठी तापवण्यापेक्षा बंद केलेला बरा.

रुग्णालयांचा मामला आणखी नाजूक. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर ठप्प झाले आणि बाह्यरुग्ण विभागाचे काम कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले. रुग्णांच्या नोंदी असलेल्या यंत्रावर बाहेरचे कोणतेही सॉफ्टवेअर, कितीही पुण्याचे असले तरी, नको. रुग्णालयात एखादा दणकट सर्व्हर खरोखरच रिकामा असेल, तर नोंदींची रोजची दुसरी प्रत दुसरीकडे ठेवावी आणि ती नीट उघडते का, हे तपासायला हा सर्व्हर वापरावा. नेटवर्कपासून तोडलेला. बहुतेक ठिकाणी प्रत घेतली जाते. ती परत उतरवून पाहण्याची वेळ मात्र संकट आल्यावरच येते, आणि तेव्हा वॉर्डातल्या रुग्णाचा कालचा क्रिएटिनिन किती होता, हे सांगणारा कागदही सापडत नाही.