झोतातल्या मशालीला तेल कोण घालतो?

रात्रीच्या पालखीपुढे मशालजी चालतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एकदा पेटवलेली मशाल वेशीपासून देवळापर्यंत पुरत नाही. बुधलीतले तेल वाटेत पुन्हा ओतावे लागते. आकाशातल्या एका झोताबद्दल शास्त्रज्ञांना नेमका हाच प्रश्न पडला.

कन्या राशीच्या दिशेला थ्री-सी २७३ नावाचा क्वेसार आहे. दुर्बिणीतून पाहिले तर साधा ताराच वाटावा. पण १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट उलगडला आणि तो अतिदूर असल्याचे दाखवून दिले. आज आपल्याकडे पोचणारा त्याचा प्रकाश सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे. इतक्या लांबून दिसतो, म्हणजे तिथला उजेड केवढा असेल!

ही शक्ती येते पडण्यातून. मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू गरगरत, एकमेकांवर घासत, तापत जातो. धरणाचे पाणी खाली पडताना वीज देते, तसेच हे. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा शेकडा एक भागही ऊर्जेत बदलत नाही. इथे शेकडा दहाच्या आसपास बदलू शकतो. कोळसा तर या हिशेबात धरायलाच नको.

यातला काही जोर झोत होऊन बाहेर पडतो. विवरात गेलेले परत येत नाही बरे का. झोत निघतो तो काठाबाहेरून. त्याची लांबी लाख प्रकाशवर्षांहून अधिक. त्यातले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि चुंबकीय रेषांभोवती गोफणीतल्या गोट्यासारखे फिरतात. फिरता फिरता आपली ऊर्जा रेडिओलहरी, प्रकाश, क्ष-किरण अशा रूपांनी सांडतात. जुन्नर तालुक्यात खोडदला शेतांमध्ये उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या थाळ्या अशाच दूरच्या झोतांच्या रेडिओलहरी टिपतात.

गोम पुढेच आहे. इलेक्ट्रॉन जितका जोरकस, तितका तो लवकर रिता होतो. क्ष-किरण देणारा तर फारच लवकर. मग लाख प्रकाशवर्षांच्या वाटेवर झोत ठिकठिकाणी उजळतो कसा?

काहींनी तोड काढली की हे क्ष-किरण फिरण्यातून येतच नाहीत. विश्वाच्या आरंभापासून सर्वत्र पसरलेले मंद प्रारण आहे, त्याला इलेक्ट्रॉनांचे धक्के बसून क्ष-किरण होतात. तसे असेल तर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पुरतात आणि तेल घालावे लागत नाही. पण मग झोतातून गॅमा किरणही ठराविक प्रमाणात यायला हवेत. २००८ साली सोडलेल्या फर्मी उपग्रहाने ते शोधले. तेवढे सापडले नाहीत, आणि २०१४ मध्ये या झोतापुरती ती कल्पना बाद झाली.

म्हणजे तेल वाटेत पडते, हेच खरे. मागून आलेला वेगवान लोट पुढच्या संथ लोटावर आदळून ते पडते, की चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळताना, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे.