अंगावर काढू नका, दोघांनी मिळून तपासून घ्या

भगिनींनो, रोवणीला दिवसभर चिखलात वाकून घरी आल्यावर ओटीपोट दुखते, पांढरे जाते, लघवीला जळजळ होते. आपण म्हणतो, 'बाईच्या जन्माला हे लागलेलंच.' आईने सोसले, सासूने सोसले, आता आपण सोसतो.

पण हे नशीब नव्हे, आजार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या 'सर्च' संस्थेच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्या आजारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८!

थोडे पांढरे जाणे नैसर्गिक असते. प्रत्येक संसर्ग लैंगिक संबंधातूनच होतो असेही नाही. म्हणून लगेच कोणावर संशय घेऊ नका. पण पाण्याला घाण वास, हिरवट-पिवळा रंग, खाज, ओटीपोटात दुखणे, गुप्तांगावर फोड किंवा जखम, जांघेत गाठ, पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठा. गरमीची जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरून येते. तेव्हा रोग गेला असे वाटते. तो रक्तात तसाच राहतो. गर्भवतीला तो असेल तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते. म्हणून गरोदरपणाच्या सुरुवातीलाच रक्त तपासून घ्या.

परमा, गरमी हे रोग योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा. एचआयव्हीचीही तपासणी करून घ्या. ती मोफत होते व गुप्त ठेवली जाते. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. जडीबुटी आत ठेवू नका, आतून औषधी पाण्याने धुऊ नका. त्याने इजाच होते.

आता बंधूंनो, तुमच्यासाठी. बायकोला एकटीला दवाखान्यात पाठवून तुम्ही घरी बसलात, तर ती बरी होऊन तुमच्याकडून पुन्हा आजारी पडेल. मिरची तोडायला, कामाला महिनोन् महिने बाहेर राहून आलात आणि काही त्रास असेल, तर आधी स्वतःची तपासणी करा. उपचार दोघांनी एकाच वेळी घ्यावा, तो संपेपर्यंत संबंध टाळावा. पुढेही धोका वाटेल तेव्हा प्रत्येक वेळी निरोध वापरावा. तो आरोग्य केंद्रात फुकट मिळतो.

तोंडाने विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. नाव सांगावे लागत नाही. मूल होत नाही म्हणून बाईला घराबाहेर काढण्यापूर्वी, तिच्यावर बोट ठेवण्यापूर्वी, दोघांची तपासणी झाली आहे का, एवढे तरी विचारा.