ड्रम थांबला की गूळ ओतू नका



हरभरा उगवून आला, पहिलं पाणी द्यायची वेळ झाली, आणि जीवामृताचा ड्रम गप्प. फेस नाही, बुडबुडा नाही, वास शेणाचाच. थंडी पडली की लातूर-नांदेडकडं दरसाली हीच तक्रार ऐकायला येते. मग लोक काय करायलेत? आणखी दोन किलो गूळ टाकायलेत. तरी हलंना म्हणून दुकानातून कल्चरची बाटली आणायलेत. शेवटी वैतागून म्हणायचं, हे सगळं थोतांड आहे. माझं मत सरळ आहे. ड्रमला गूळ कमी पडलेला नसतो, ऊब कमी पडलेली असते. आणि आपण ड्रमकडं बघायचं सोडून कॅलेंडरकडं बघायलोत.

सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि ४८ तास सावलीत. कृती बरोबर आहे. पण ४८ तास हे उबदार दिवसांचं माप आहे. आपल्याकडं डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. ढोबळ हिशोब असा, की गारवा १० अंशांनी वाढला की जिवाणूंचं काम निम्म्यावर येतं. म्हणजे ३० अंशाला दोन दिवसांत होणारं काम २० अंशाला चार दिवस घेणार. ड्रम बिघडला नाही, तो सावकाश चालला आहे.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बिलोली-देगलूरकडं शिंदीची झाडं आहेत. पहाटे उतरवलेली नीरा गोड लागते, ऊन चढलं की आंबते. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. घरात थंडीत विरजण लागत नाही, तवा घरची बाई त्यात आणखी दूध ओतते का? डबा कपड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवते. तीच अक्कल ड्रमला लावायची.

जास्तीचा गूळ नुसता वाया जात नाही, नुकसान बी करतो. १८५६ साली फ्रान्समधल्या लील गावात एका कारखानदाराच्या बीटाच्या रसाच्या टाक्या बिघडायल्या होत्या. त्यानं लुई पाश्चरला बोलावलं. पाश्चरनं सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर चांगल्या टाकीत गोल यीस्ट, आंबट टाकीत बारीक काडीसारखे दुसरेच जीव. मुद्दा हा, की गोड टाकलं की जो आत जोरात आहे त्याचंच पोट भरतं. ड्रमला नाकात झोंबणारा आंबट वास यायला लागला असंल, तर गुळानं तो आणखीच आंबट होणार.

मग करायचं काय? आधी कारण शोधा. ड्रम ढवळून त्यातलं बादलीभर काढा, घरात उबेला ठेवा, वरून फडकं बांधा. दुसऱ्या दिवशी बादलीला फेस आला तर विरजण जिवंत आहे, दोष थंडीचा. ड्रम गोठ्यात जनावरांच्या उबेला न्या, भोवती बारदाना गुंडाळा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, दोन-तीन दिवस जास्त द्या. पुढच्या वेळी भिजवतानाच कोमट पाणी घ्या.

बादली बी गप्प राहिली, तर तीन गोष्टी तपासा. नळाचं ब्लिचिंग पावडरवालं पाणी घेतलं का? ते जिवाणूंनाच मारतं, म्हणून आदल्या दिवशी उघड्या ड्रममधी भरून ठेवायचं. ड्रम आधी फवारणीच्या औषधाला वापरला होता का? मोरचूद किंवा बुरशीनाशक कालवलेला ड्रम ह्या कामाला कायमचा बाद करा. आणि शेण ताजं होतं का, का वाळलेलं? हे सगळं नीट करून शेजाऱ्याच्या चालू ड्रममधलं ५-१० लिटर विरजण म्हणून घाला. त्याला पैसा लागत नाही.

तयार झालं हे तारखेवरून ठरवू नका. फेस येऊन बसायला लागला, शेणाचा वास मोडून हलका आंबूस-गोड वास आला, की समजायचं. सडका वास आला तर पिकाला देऊ नका, उकिरड्यावर ओता.

कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळींना एक विनंती. पत्रकात ‘४८ तास’ छापता, त्याच्या शेजारी ‘किती तापमानाला’ हे बी छापा, आणि तयार झाल्याची खूण लिहा. जीवामृत आपल्याला रब्बीत बी लागतं, आणि रब्बी थंडीतच येते. एका ओळीनं कितीतरी शेतकऱ्यांचा गूळ वाचंल, आणि चांगल्या गोष्टीवरचा विश्वास बी.

तुमच्याकडं थंडीत ड्रमला किती दिवस लागतात, गाव आणि महिना टाकून कळवा.