एनबीआयच्या आधी दुसरा डोस

अंजनगाव सुर्जीहून कोलोनोस्कोपीसाठी येणारा रुग्ण पुष्कळदा मूळव्याधीची औषधे घेऊन थकलेला असतो. सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठे आतडे नाही. त्यामुळे रक्त पडते म्हणून झालेली ही तपासणी त्याची पहिली असते, आणि बहुधा शेवटचीही. तिच्यात सुटलेला पॉलिप पुन्हा कोणी शोधायला जाणार नाही.

आणि पॉलिप सुटतात. एकाच रुग्णाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी केलेल्या अभ्यासांचा आढावा २००६ साली आला. पहिल्या खेपेत २२ टक्के पॉलिप निसटले होते. १० मिलिमीटर व त्याहून मोठ्या अ‍ॅडिनोमांत हे प्रमाण अवघे २ टक्के, पण ५ मिलिमीटरपर्यंतच्यांत २६.

एनबीआयचे (नॅरो बँड इमेजिंग) बटण इथे उपयोगी पडते. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेते, म्हणून अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी उठून दिसतात आणि अ‍ॅडिनोमा भोवतालापेक्षा गडद. पहिल्या पिढीच्या यंत्रांत चित्र इतके काळवंडे की रुंद आतड्यात उपयोग होत नसे. नव्या यंत्रांत ती तक्रार बरीच कमी झाली आहे. एलसीआय (लिंक्ड कलर इमेजिंग) लाल आणि पांढऱ्यातला फरक वाढवून चपटे पॉलिप दाखवते. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही त्यांनी स्प्रे कॅथेटरमधून इंडिगो कार्मिन फवारावे. ते पेशींत शिरत नाही, खाचांत साचते आणि कडा स्पष्ट होतात. हात निळे होतात, वेळ जातो, पण काम होते.

मात्र एनबीआय घाण झाकत नाही, उलट रंगवून दाखवते. पित्तमिश्रित पाणी आणि उरलेला मळ लालभडक दिसतो, रक्तस्राव झाल्यासारखा. उजव्या आतड्यातले चपटे सेरेटेड पॉलिप तर चिकट श्लेष्म्याची टोपी घालूनच बसलेले असतात. एनबीआयचा फायदा ज्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१९) दिसला, तिथेही तो आतडे उत्तम साफ असताना जास्त होता. म्हणून नवा प्रोसेसर घ्यायचा की नाही, हा प्रश्न आम्हाला दुय्यम वाटतो.

पहिला प्रश्न आतडे साफ करणाऱ्या पॉलिइथिलिन ग्लायकॉलच्या दुसऱ्या डोसचा. तो तपासणीच्या पाचेक तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवायचा असतो. सकाळी नऊची वेळ दिली, तर अंजनगावच्या माणसाने तो पहाटे चारला घ्यायचा आणि मग एसटीत बसायचे! तो काय करतो? आदल्या रात्रीच सगळे पिऊन मोकळा होतो, किंवा वाटेत पंचाईत नको म्हणून अर्धे ओतून देतो. दोष त्याचा नाही, आपल्या वेळापत्रकाचा आहे. बाहेरगावच्या रुग्णाला दुपारी दोनची वेळ द्या, सकाळी नऊला बोलवा आणि दुसरा डोस रुग्णालयातच पाजा. एक स्वच्छ, पाणी असलेला संडास त्यासाठी राखून ठेवा. तो कुठल्याही प्रोसेसरपेक्षा स्वस्त आहे. दोन दिवस आधीपासून अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, पेरू आणि ठेचा बंद, वरण-भात चालेल, हे कंपाउंडरनेच मराठीत लिहून द्यावे. उन्हाळ्यात फॉस्फेटची औषधे टाळलेली बरी. वऱ्हाडच्या उन्हात मूत्रपिंडाला तो ताण नको.

बाकी सगळे हाताचे काम. २००६च्याच एका अमेरिकी अभ्यासात, स्कोप बाहेर काढताना सरासरी सहा मिनिटे किंवा अधिक वेळ घेणाऱ्या डॉक्टरांना २८ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले, घाई करणाऱ्यांना १२ टक्क्यांत. उजवे आतडे दोनदा पाहावे. पॉलिपभोवती एआयने आखलेल्या चौकटीवर विसंबणाऱ्यांनी पोलंडकडे पाहावे: एआयची सवय लागल्यावर, त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत अ‍ॅडिनोमा सापडण्याचे प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर घसरले, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल स्टडी’ एवढेच लिहू नका. आतड्याच्या तिन्ही भागांचे स्वच्छतेचे बोस्टन गुण लिहा, सीकमचा फोटो जोडा. एखाद्या भागाला दोनपेक्षा कमी गुण पडले असतील, तर तपासणी पुन्हा लागेल हे रुग्ण परत एसटीत बसण्याआधीच त्याला सांगा.