सर्व्हेवाल्यांनी आधी उत्तरे द्यावीत



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेवर या वेळी शेवटून दुसरा विषय आहे : 'संशोधनासाठी येणाऱ्या पथकांना सहकार्य'. कापसाचा भाव, वीज आणि पीकविमा यांच्यानंतर तो येणार, म्हणजे तोवर निम्मे लोक एसटी पकडायला उठलेले असणार. तसे होऊ नये म्हणून माझे म्हणणे आधीच लिहून ठेवतो.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही. एका विद्यापीठाचे पथक आले होते आणि मीच त्यांना त्या घरी घेऊन गेलो. घर माहितीतले होते, बाई बोलती होती, आधी दोन पथके तिथे जाऊन आली होती. ओसरीवर चटई टाकली. प्रश्न विचारणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, मनाने चांगली. फॉर्म सोळा पानांचा. सातबारा कोणाच्या नावे, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, घरात भांडणे होत का, नवरा दारू पीत असे का. अकराव्या पानावर प्रश्न आला : मृत्यूची पद्धत. तिने तो पर्यायांसकट मोठ्याने वाचला. दाराआड बारा वर्षांचा मुलगा उभा होता. बाप साप चावून गेला, असे त्याला घरच्यांनी सांगितले होते.

मुलीने फॉर्म मिटला. तिच्याच डोळ्यांत पाणी आले. बाई त्यावर काही बोलली नाही. निघताना मला एवढेच म्हणाली, "भाऊ, मांगं दोन खेपा आल्ते ते लोकं, त्याईचं काय झालं?" मला उत्तर देता आले नाही. ते दोन अहवाल मी तरी कुठे पाहिले होते?

दोष त्या मुलीचा नाही. तिला दिवसाला ठरावीक फॉर्म पुरे करायचे होते आणि फॉर्मवरच तिचा मेहनताना होता. दोष ज्यांनी प्रश्नांचा क्रम ठरवला त्यांचा, आणि दाराआड कोण आहे हे न पाहता पथकाला आत नेणाऱ्या माझा.

म्हणून सगळे सर्व्हे बंद पाडा, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. आपली चळवळच उत्पादन खर्चाच्या आकड्यावर उभी राहिली. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दर दहांतल्या चार शेतकरी कुटुंबांनी दुसरा पर्याय मिळाला तर शेती सोडू असे सांगितले, तो आकडा आपण सभासभांतून गर्जून सांगितला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २००५ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने आत्महत्यांची पाहणी केली. २००६ च्या सुरुवातीला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. त्याच वर्षी सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत घरोघर पाहणी केली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज आले. पॅकेज कुठे मुरले ते आपण जाणतो. पण 'दारूने मेला, लग्नाच्या खर्चाने मेला' असे म्हणणाऱ्यांची तोंडे काही प्रमाणात बंद झाली ती या पाहण्यांमुळे, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा प्रश्न संशोधन हवे की नको हा नाही. ज्याच्या दुःखातून ते निघते त्याचा त्यात काही हक्क आहे की नाही, एवढाच आहे.

अमेरिकेत हा प्रश्न ऐरणीवर आला तो शेतकऱ्यांमुळे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मेकन नावाची काउंटी आहे. तिथले कापूस पिकवणारे गरीब काळे वाटेकरी १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने एका अभ्यासासाठी निवडले. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. आजाराचे नाव त्यांना सांगितले नाही, 'रक्त खराब आहे' एवढेच सांगितले. तपासणीच्या दिवशी जेवण फुकट, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च. उपचार होतो आहे असे त्या लोकांना वाटत होते, आणि होत होता तो फक्त अभ्यास. पेनिसिलीन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते मिळू दिले नाही. चाळीस वर्षे हे चालले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत भांडाफोड झाली तेव्हा कुठे थांबले. त्यातून चौकशी, कायदा, आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल : माणसाचा मान राखा, त्याचे भले पाहा, त्याला इजा करू नका, संशोधनाचा बोजा आणि लाभ न्यायाने वाटा. आज जगभरच्या विद्यापीठांतल्या नीतिसमित्या या पायावर उभ्या आहेत. आपल्याकडेही २००० साली मुंबईत समाजविज्ञानाच्या अभ्यासकांनीच एकत्र येऊन आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे लिहून काढली. कागद आहेत. ते ओसरीपर्यंत पोचत नाहीत.

ती मेकनची माणसे अभ्यासाला उपचार समजली. आपल्याकडची विधवा फॉर्मला चेक समजते. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त कुटुंबाला १ लाखाची मदत ठरली : ३० हजार हाती, ७० हजार ठेव. ती मिळायची तर जमीन हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, वसुलीचा तगादा लागलेला हवा. नाही तर 'अपात्र'. तलाठी, पोलीस पाटील, तहसीलदार, समिती, सगळ्यांना तीच उत्तरे देऊन बाईला ती पाठ झालेली असतात. अशात कोणी फॉर्म घेऊन आला की तो समितीचाच माणूस. ती 'विचारा' म्हणते ते खुशीने नव्हे, नाही म्हटले तर प्रकरण अडेल या भीतीने. पुस्तकात याला संमती म्हणतात! आणि उत्तरेही समितीच्या मापाची येतात. बिनपरवान्याच्या सावकाराचे कर्ज दडते, सोसायटीचे पुढे येते, आणि तो आकडा शोधनिबंधात छापला जातो. नीतीची बाजू सोडा, संख्याशास्त्राच्या हिशेबानेही हा माल भेसळीचा आहे.

आणखी एक प्रकार बघा. चांगल्या अभ्यासात आत्महत्या झालेल्या घराची तुलना तशाच, पण आत्महत्या न झालेल्या घराशी करतात. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, नाही तर कारण आणि योगायोग वेगळे कसे करणार? पण त्या दुसऱ्या घरात जाऊन काय सांगायचे? 'जमीन तेवढीच, कर्ज तेवढेच, म्हणून तुम्हाला निवडले'? कर्त्या पुरुषाने हे ऐकून रात्रभर काय विचार करावा? त्या घराला काय सांगणार, हे कोणत्याही पथकाने मला आपण होऊन सांगितलेले नाही. मीही पूर्वी विचारले नव्हते.

संमतीच्या सहीबद्दल तर बोलायलाच हवे. शहरातल्या समितीला सही किंवा अंगठा हा शेतकऱ्याच्या रक्षणाचा पुरावा वाटतो. आपल्या मुलुखात कागदावरच्या अंगठ्याने जमिनी गेल्या. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला कुणबी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यांच्या पणतवंडांपुढे इंग्रजी कागद ठेवून 'इथे अंगठा द्या, तुमच्याच भल्यासाठी' म्हणायचे! कागद द्यायचाच तर उलट दिशेने द्या. पथकाने आपला कागद मराठीत घरात ठेवावा : आम्ही कोण, पैसा कोणाचा, माहितीचे काय करणार, मदतीच्या प्रकरणाशी आमचा काही संबंध नाही, नाही म्हटले तरी काही बिघडत नाही, तक्रार या फोनवर. होकार तोंडी चालेल, साक्षीदार बाईने निवडावा. सरपंचाची परवानगी ही बाईची परवानगी नव्हे. आपल्या तालुकाध्यक्षाचीही नव्हे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मीही गावात राहून कुटुंबांचे फॉर्म भरले आहेत. पारावर, चारचौघांत. एकाला खाजगी उधारी किती ते विचारले, शेजारी कृषी केंद्रवाला बसलेला. त्या शेतकऱ्याने दुसऱ्या दुकानाचीही उधारी सांगून टाकली. पुढच्या हंगामात त्याला बियाणे उधार मिळाले नाही. मला मात्र अहवालाला चांगले गुण मिळाले. नाव खोडून गुप्तता राहते असे आम्हाला शिकवले होते. पाचशे उंबऱ्यांच्या गावात 'साडेचार एकर, दोन मुली, मृत्यू पोळ्याच्या आठवड्यात' एवढे छापले की नाव कशाला लागते?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने संशोधनाला बरीच सूट ठेवली आहे. अट अशी की त्या माहितीवरून त्या माणसाबद्दलच निर्णय घेता कामा नये. अट चांगली आहे, पण ती पाळली गेली की नाही हे त्या माणसाला कळायचे कसे?

पिकांचा उत्पादन खर्च काढण्याची केंद्राची योजना १९७०-७१ पासून चालते, महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठामार्फत. निवडलेल्या शेतकऱ्याचा रोजचा खर्च लिहिला जातो, त्यावरून देशाचा हमीभाव निघतो. इतकी वर्षे आपण सूत्रावर भांडतो, ए-२ की सी-२. घरच्या माणसांची मजुरी कोणत्या दराने धरली, आपल्या नावावर काय लिहिले, हे ज्याच्या शेताची नोंद त्याने मागून पाहावे, असा आग्रह आपण कधी धरला?

आपली बाजूही स्वच्छ नाही. पत्रकार आले, पथक आले की कोणत्या घरी न्यायचे हे आपणच ठरवतो. जी बाई नीट सांगते, जिथे फोटो भिंतीवर आहे, तिथे. पाचव्यांदा, सहाव्यांदा. आंदोलनाला उपयोग होतो, हे खरे. पण मग त्या बाईचा आपणही वापरच करतो, नाही का?

बैठकीत मी ठराव मांडणार आहे. पथकाने प्रश्नावली पंधरा दिवस आधी मराठीत पाठवावी आणि ती गावातल्या दोन बायांनी वाचून पाहावी. ज्या घराने नको म्हटले त्याचे नाव कोणी कार्यकर्त्याने पुन्हा देऊ नये. मुलांसमोर काय विचारायचे नाही ते आधी ठरावे. बुडालेल्या रोजाची मजुरी द्यावी, पण सगळ्यांना सारखी, उत्तरे दिली किंवा मधूनच थांबवले तरी. आणि अहवाल झाल्यावर त्याच गावात येऊन मराठीत वाचून दाखवावा. जो यायला तयार नाही त्याला आपण रस्ता दाखवू नये. याने काही पथके दुसऱ्या जिल्ह्यात जातील, असे आमचे काही मित्र म्हणतात. जातील. तिथल्या बैठकीलाही हा अंक पाठवू.

एका संस्थेचे पत्र माझ्याकडे आले आहे, 'यापूर्वी मुलाखत दिलेली आठ-दहा कुटुंबे' मागितली आहेत. उत्तर बैठकीनंतर देईन. त्या ओसरीवर मी गेल्या महिन्यात एकटाच जाऊन आलो. मुलगा आता कॉलेजात आहे. आई म्हणाली, "आता नोका आणू कोणाले." तो पत्ता यादीत असणार नाही.