पडत्या बाजारात घर : भाव नंतर, कागद आधी

कसारा लाइनवर टिटवाळा, खडवली मागे पडले की वासिंद, आसनगाव, आटगावच्या आजूबाजूला, जिथे पूर्वी भातशेती होती तिथे, इमारती दिसू लागतात. मुंबई-ठाण्याचे भाव न परवडणाऱ्या अनेक कुटुंबांनी तिथे घरे घेतली. काहींनी राहण्यासाठी घेतली, काहींनी पुढे भाव वाढेल म्हणून घेऊन कुलूप लावले. आता त्यातले कित्येक जण विकायला निघाले आहेत. एकाच इमारतीत चार घरे विक्रीला आणि विचारायला येणारा एकच, असे जिथे असते तिथे भाव घेणाऱ्याच्या हातात असतो. मुरबाडकडेही प्लॉट आणि बंगल्यांच्या जाहिराती पुष्कळ, घेणारे मोजके.

कल्याण, भिवंडी, मुंब्र्यात भाड्याने राहणाऱ्यांना वाटते, आता नाही तर कधी घेणार? ज्यांचे घर तिकडे पडून आहे त्यांना वाटते, निदान घातलेले पैसे तरी सुटावेत. या वेळचा लेख दोघांसाठी आहे. सांगणे एकच : अशा बाजारात हाती आलेला जोर केवळ भाव पाडण्यात संपवू नका, कागद पूर्ण करून घेण्यात वापरा.

आधी भाव कमी का, ते समजून घेऊ. आसनगाव मुंबईच्या सीएसएमटीपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकल थोड्या; एक चुकली की बराच वेळ जातो. मुरबाडला रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड मार्गाला मंजुरी मिळाली, तरी मुरबाडकरांचा भरवसा एसटी आणि खासगी गाड्यांवर आहे. तिसरी गोष्ट पाण्याची. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली, पण याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. एजंट त्याच्या नावाने भाव चढवून सांगेल. पण रोज ठाण्याला कामावर जाणाऱ्याला महामार्गापेक्षा सकाळची लोकल महत्त्वाची. उद्याच्या रेल्वेचे पैसे आज मोजू नका.

मंदीत घेणाऱ्याला घाई नसते. तेव्हा जमल्यास घर दोनदा पाहा : मे महिन्यात नळाला पाणी येते का, आणि जुलैत भिंतीला ओल येते का.

आता मुख्य मुद्दा. व्याज टाळायचे म्हणून आपल्यातील बरीच कुटुंबे बँकेचे कर्ज घेत नाहीत. आखातातली बचत, दागिने, गावची जमीन विकून आलेली रक्कम, यांतून पूर्ण पैसे मोजतात. असा खरेदीदार विकणाऱ्याला हवाच असतो. पण यात एक धोका लपलेला आहे. कर्ज देताना बँकेचा वकील घराचे कागद तपासतो. कर्जच नसेल तर ही तपासणी कोणी करत नाही. म्हणून ती आपण करायची. स्वतःचा वकील नेमून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि तो वकील एजंटाने किंवा बिल्डरने आणलेला नसावा.

नवी इमारत असेल तर महारेरा क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प स्वतः उघडून पाहा. ताबा देण्याची तारीख, मंजुऱ्या, चालू खटले तिथे दिसतात. रेरा कायदा २०१६ चा आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. पुनर्विक्रीचे घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आधीचे सर्व करारनामे, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि वीजबिल पाहा. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे.

मुरबाड-शहापूरकडे प्लॉट घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. सातबारा आणि फेरफार दोन्ही काढा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहिले असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीने सरकारी परवानगीशिवाय घेतली तर तो व्यवहार कायद्यात टिकत नाही, आणि गरिबाची जमीन अशी घेणे दीनातही शोभत नाही. शेतजमीन घेण्यासाठी घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेला दोन गुंठ्यांचा तुकडा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

यापेक्षाही नाजूक गोष्ट वारसांची. वडील वारल्यावर घर भावाच्या ताब्यात असते, सोसायटीच्या कागदावर नामनिर्देशित म्हणूनही त्याचेच नाव असते, आणि तोच विकायला येतो. नामनिर्देशित म्हणजे मालक नव्हे. वडिलांचे डोळे मिटले त्या क्षणी आई, मुलगे आणि मुली आपापल्या हिश्श्याचे मालक झाले. समजा घर २४ लाखांना विकले गेले आणि देणी काही नाहीत. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. पत्नीचा आठवा हिस्सा ३ लाख. उरलेल्या २१ लाखांत मुलाचे साडेदहा लाख आणि प्रत्येक मुलीचे सव्वापाच लाख. एकट्या भावाची सही घेऊन तुम्ही घर घेतले तर बहिणींचा हिस्सा तुम्ही विकत घेतलेलाच नाही. उद्या त्या न्यायालयात गेल्या तर तुमचे पैसे अडकतील. आणि त्या गेल्या नाहीत, भावाला दुखवू नये म्हणून गप्प राहिल्या, तरी त्यांचा हक्क तुमच्या घरात राहतोच.

म्हणून सर्व वारसांनी करारावर सही करावी, किंवा ज्या बहिणी खरोखर राजीखुशीने सोडत असतील त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावे. अब्बांनी तोंडी हिबा केला होता असे कोणी सांगितले तर देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्हींचा पुरावा मागा. वारसांत अल्पवयीन मूल असेल तर आईला स्वतःच्या अखत्यारीत त्याचा हिस्सा विकता येत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. इतके विचारल्यावर समोरचा चिडला तर ते घर सोडून द्या. बाजार मंद आहे, दुसरे मिळेल.

आता विकणाऱ्यांसाठी. जाहिरातीतले भाव म्हणजे लोकांच्या इच्छा. खरा भाव कळतो तो आपल्याच इमारतीत अलीकडे नोंदल्या गेलेल्या व्यवहारांवरून, म्हणजे सूची क्रमांक दोनवरून. त्याच्या जवळचा भाव पहिल्या दिवशीच सांगा. जास्त सांगून वर्षभर अडकलेले घर शेवटी कमी भावात जाते, आणि तोवर सोसायटीचा खर्च चालूच राहतो. दोघांनीही ध्यानात ठेवावे की मुद्रांक शुल्क कराराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांतील जे अधिक त्यावर लागते. घर स्त्रीच्या नावावर घेतल्यास त्यात १ टक्का सवलत मिळते. पैसा बायकोच्या दागिन्यांतून आला असेल तर नाव तिचेच असावे, सवलत असो वा नसो.

घराचा दोष झाकू नका. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला बजावले की ओले धान्य वर ठेव, लोकांना दिसू दे. ओल आलेल्या भिंतीला विक्रीआधी रंग मारणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

इसार देताना-घेताना मुदत आणि अटी लिहा. गिऱ्हाईक फिरले तर इसार गिळणे हनफी आणि शाफई दोन्ही मतांनुसार योग्य नाही. तसेच थोडा इसार देऊन विकणाऱ्याला महिनोन्‌महिने टांगून ठेवणेही योग्य नाही. सगळी रक्कम चेकने किंवा बँकेतूनच द्या. २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम घरासाठी रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि रोखीच्या पैशाचा पुरावा तुमच्याकडेही राहत नाही.

राहिली घासाघीस. ती जरूर करा. पण समोरचा आजारपणासाठी किंवा आखातातली नोकरी गेली म्हणून विकत असेल तर त्याच्या अडचणीची किंमत वसूल करू नका. रास्त भाव ठरवा, आणि घासाघीस करून जे वाचवणार होता त्यातले थोडे वकिलाला द्या.