वहीत उरलेले चारशे वीस रुपये

व्यापारी घरात वस्तूची किंमत दोन ठिकाणी नोंदलेली असते. एक नोंद वहीत असते, दुसरी वापरात. या दोन किमती क्वचितच जुळतात आणि त्या जुळत नाहीत तेव्हा निर्णयाचा कस लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस किंवा वणीच्या बाजारपेठेतील एखाद्या कापडदुकानाचे उदाहरण घ्यावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच दिवशी विवरणपत्रे भरण्यासाठी म्हणून पेढीने पंचवीस हजार रुपयांना एक लहान लॅपटॉप घेतला, असे समजू. आयकराच्या नियमानुसार संगणकावरील घसारा घटत्या शिलकेवर ४० टक्के. पहिल्या वर्षाअखेर शिल्लक १५,००० रुपये, दुसऱ्या वर्षाअखेर ९,०००, पाचव्या वर्षाअखेर १,९४४ आणि आठव्या, म्हणजे ३१ मार्च २०२५ रोजी, अवघे ४२० रुपये. हा आकडा लोकांच्या तोंडी बदनाम असला, तरी हिशेब चोख आहे. वहीच्या दृष्टीने ते यंत्र संपल्यातच जमा आहे. प्रत्यक्षात मात्र ते रोज सकाळी दुकान उघडताच सुरू होते.

अशा घरात अडचण उभी राहते ती वेगळ्याच बाजूने. गल्ल्यावर आयुष्य काढलेल्या बाबूजींना आता कमी ऐकू येते. दुपारचे प्रवचन आणि पुण्यात शिकणाऱ्या नातीशी रविवारी होणारे बोलणे, हे दोन्ही त्यांना लॅपटॉपच्या पडद्यावर हवे असते, कारण मोबाइलचा पडदा त्यांच्या डोळ्यांना पुरत नाही. मुलगा हौसेने बिनतारी हेडफोन आणतो. पण लॅपटॉपला ते सापडतच नाहीत, कारण त्यात ब्लूटूथच नसते. मग घरात नवा लॅपटॉप घेण्याची भाषा सुरू होते. बाबूजी म्हणतात, “माझ्यासाठी एवढा खर्च नको,” आणि संभाषणात हळूहळू गप्प बसू लागतात. वृद्ध माणसाचे असे गप्प बसणे घराला परवडणारे नसते.

येथे घाई न करता क्रमाने विचार करावा. सोय खरोखरच नाही की ती बंद आहे, हे आधी पाहावे. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत ब्लूटूथ असे शीर्षक दिसते का, ते तपासावे. न दिसल्यास कळफलकावरील बिनतारी जोडणीची कळ, बायोसमधील नोंद आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर, या तीन जागा पाहाव्यात. याच्याही आधी एक साधा प्रश्न विचारावा: तारेचे हेडफोन चालणार नाहीत का? लॅपटॉपला त्यांचे छिद्र असेल आणि बाबूजींना तारेचा अडथळा वाटत नसेल, तर तोच सर्वांत स्वस्त व बिनतक्रार मार्ग होय.

बिनतारीच हवे असेल, तर उपाय नखाएवढा आहे. यूएसबीच्या खाचेत बसणारे ब्लूटूथचे छोटे उपकरण, ज्याला बाजारात डोंगल म्हणतात, काही शे रुपयांत मिळते; वहीत उरलेल्या किमतीच्या आसपासच. यंत्र उघडून आतले वाय-फायचे कार्ड बदलण्याचाही मार्ग आहे, कारण अनेक कार्डांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकत्र असतात. परंतु काही लॅपटॉप ठरावीक कार्डेच स्वीकारतात आणि लहान यंत्राचे कवच उघडताना खिळे-पट्ट्या तुटण्याचा संभव असतो. घरगुती गरजेसाठी तो खटाटोप टाळलेला बरा.

डोंगल घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते संगणकासाठीचे आहे ना, हे वेष्टनावर वाचावे. केवळ आवाज पाठवणाऱ्या डोंगलवर बिलाचा छोटा प्रिंटर चालणार नाही. दुसरे, आपल्या विंडोजचे नाव त्यावर लिहिलेले असावे. विंडोज १० मध्ये बहुतेक डोंगल लावताच ओळखले जातात. विंडोज ७ मध्ये बिनतारी हेडफोनवर आवाज पाठवण्याची सोय मुळात नसल्याने कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो. पक्के बिल घ्यावे, म्हणजे न जुळल्यास परत देता येते.

जोडणी सोपी आहे. डोंगल खाचेत बसवावे, हेडफोनचे बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावे आणि लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये नवे उपकरण जोडण्याचा पर्याय निवडावा. नाव दिसले की त्यावर टिचकी मारावी. मग आवाज कोठून यावा, या यादीत हेडफोन निवडावेत. हा शेवटचा टप्पा राहून गेला की ‘जोडले तरी ऐकू येत नाही’ अशी तक्रार होते.

नातीशी बोलताना आणखी एक खुबी उपयोगी पडते. हेडफोनचाच माइक वापरला, तर ब्लूटूथ आवाजाचा दर्जा बऱ्याचदा उतरतो आणि शब्द डब्यातून आल्यासारखे वाटतात. म्हणून ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा स्वतःचा माइक, अशी विभागणी करावी. मंद झालेल्या कानांना हा फरक चांगलाच जाणवतो.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यात काम करते. भारतात २००५ च्या नियमांनी या पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली. त्यामुळे वाय-फायही तेथेच आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही जवळपास तेथेच. या गर्दीतून वाट काढण्यासाठी मूळ पद्धतीत ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा आपली वाहिनी बदलते. तरीही आवाज तुटत असेल, तर डोंगल यूएसबी ३.० च्या खाचेतून काढून २.० च्या खाचेत लावावे किंवा छोट्या जोडतारेने यंत्रापासून थोडे दूर ठेवावे; ३.० च्या खाचेचा या पट्ट्याला उपद्रव होतो. साधारण दहा मीटरची मर्यादा मोकळ्या जागेतली आहे. जुन्या वाड्याच्या जाड भिंती ती कमी करतात.

नावाची कथाही रंजक आहे. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याचे टोपणनाव ‘निळा दात’ असे होते. विखुरलेल्या टोळ्यांना त्याने एकत्र आणले. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या कंपन्या एका मानकाखाली आल्या, तेव्हा वेगवेगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या तंत्राला त्याचेच नाव मिळाले.

डोंगलने सारे दोष मात्र जात नाहीत. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेची दुरुस्ती मिळत नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे तिजोरी उघडी टाकून जेवायला जाणे. तेव्हा कामाची विभागणी करावी: पैशाचे व्यवहार व विवरणपत्रे अद्ययावत यंत्रावर आणि जुना लॅपटॉप प्रवचन व कौटुंबिक भेटीगाठींसाठी बाबूजींच्या स्वाधीन. अनोळखी उपकरणाची जोडणीची विनंती स्वीकारू नये, एवढे त्यांना सांगून ठेवावे.

वहीला यंत्राचे वय कळते, त्याचा उपयोग कळत नाही. चारशे वीस रुपयांच्या यंत्राला तेवढ्याच किमतीची जोड मिळाली आणि रविवारी दुपारी नातीने विचारलेल्या प्रश्नाला बाबूजींनी दुसऱ्यांदा न विचारता उत्तर दिले, तर त्या खर्चाची नोंद कोणत्या खाती करावी, हे मुनीमजींना कदाचित सुचणार नाही. घरातील सर्वांना मात्र ते नेमके ठाऊक असेल.